सिंधूची टेप

एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्यानं बघायचं, हे शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. कॅमेऱ्याची बटणं बायका अर्ध्या तासात शिकायच्या. ज्या बाईला शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवता येतो तिला व्हिडिओ कॅमेरा येतो, असं मी त्यांना सांगायचे आणि ते खोटं नव्हतं. पण कॅमेऱ्याच्या मागच्या नळकांड्याला एक डोळा लावायचा, म्हणजे दुसरा मिटायला हवा. चार माणसांत एक डोळा मिटायचा, म्हणजे डोळा मारल्यासारखंच दिसतं. बायका तोंडाला पदर लावून हसत सुटायच्या. एकजण म्हणाली, "समोर सासरे बसलेत ताई. त्यांच्याकडे बघून कसा मिटू?" शेवटी मी सासऱ्यांना उठवलं आणि त्यांच्या जागी बादली ठेवली. तिचं आयुष्यातलं पहिलं शूटिंग त्या बादलीचं. फार सुंदर आलं होतं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची काही वर्षं आणि नव्वदीची पहिली काही, मी हे काम केलं. ठाण्यातल्या एका लहानशा संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. वस्तीतल्या बायकांनी आपले प्रश्न आपणच चित्रित करायचे आणि ज्यांच्या हातात ते सोडवणं आहे त्यांना नेऊन दाखवायचे, अशी आमच्या मॅडमची कल्पना. मी काही समाजसेविका नव्हते. कल्याणच्या एका स्टुडिओसाठी लग्नाच्या कॅसेट काढायचे. मॅडमना मशीन चालवता येणारी बाई हवी होती. त्या सगळ्यांना सांगायच्या, "आख्ख्या ठाणे जिल्ह्यात ही एकच सापडली." मला वाटतं, त्यांनी फार शोधलं नसावं.

लग्नांनी माझा हात बसवला तशी एक वाईट सवयही लावली होती. पाठवणीच्या वेळी वधूच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं की लगेच भिंग फिरवून तिचा चेहरा जवळ आणायचा. स्टुडिओचे मालक म्हणायचे, लोक कॅसेट पुन्हापुन्हा बघतात ती तेवढ्यासाठीच. रडू कुठून येणार आहे हे मला आधीच कळायचं. मी तयार असायचे.

डोंबिवलीला घरी मी आणि आई. मी संस्थेत लागले त्याच वर्षी आई गेली. त्यानंतर घरी जाऊन बोलायला कुणी नव्हतं, आणि दिवसभर मी इतरांना बोलतं करत होते. हे विचित्र आहे, असं तेव्हा कधी वाटलं नाही.

हिराबाई आमच्याकडे आली ती वर्ग बघायला नव्हे, मासे विकायला. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, चाळिशीची, उंच आणि ताठ. वागळे इस्टेटच्या मागच्या वस्त्यांमध्ये तिची पाटी रोज फिरायची. बायका एक डोळा मिटून हसताहेत हे दारातून बघून तिनं पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आमी बाजारात बसताव तवा एक डोला गिऱ्हाइकावर आन् एक मांजरीवर. मिटू कनचा?"

मी म्हटलं, "मांजरीवरचा."

तिनं कॅमेरा खांद्यावर घेतला. डोळा मिटला नाहीच. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिनं शूटिंग केलं, शेवटपर्यंत तसंच केलं. पुढे कुणीतरी मला सांगितलं की मुरलेले कॅमेरामन असंच करतात. मला ते माहीत नव्हतं.

तेव्हाचा आमचा कॅमेरा म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. कॅमेरा एकीच्या खांद्यावर. कॅसेट ज्यात फिरते तो रेकॉर्डर दुसरीच्या खांद्याला पट्ट्यानं अडकवलेला, विटांची पिशवी असावी तितका जड. मधे दोन-तीन हात केबल. कॅमेरावाली वळली की रेकॉर्डरवालीनं वळायचं, ती खाली बसली की हिनंही बसायचं. हिराबाईची ढांग मोठी, तिच्याबरोबर कुणी टिकेना. म्हणून तिचा रेकॉर्डर मीच धरू लागले. जवळजवळ दोन वर्षं आम्ही दोघी अशा केबलनं जोडलेल्या फिरलो. मानपाड्याच्या कारखान्यांमागे फिरलो, खाडीच्या चिखलात फिरलो. गल्लीबोळात बोलायची सोय नसायची, म्हणून आमच्या खुणा ठरल्या होत्या. मी केबलला एक हलका हिसका दिला की जवळ जा, दोन दिले की थांबव. आई गेल्यानंतर माझ्या इतक्या जवळून कुणी चाललेलं नाही.

तिची खुबी कॅमेऱ्यात नव्हती. तिला दारं माहीत होती. कुठल्या घरी कधी जायचं, कुठे उंबऱ्याबाहेर थांबायचं, कुणाशी बोलताना खाली बसायचं, हे तिला पाटी घेऊन फिरताना कळलेलं. माझ्यासमोर बायका भाषण करायच्या. हिराबाईसमोर नुसत्या बोलायच्या.

आमची पाण्याची फिल्म अशीच झाली. वागळे इस्टेटच्या मागे एका वस्तीत दीडेकशे घरांना एक नळ होता. पहाटेपासून रांग लागायची. ती फिल्म पालिकेच्या साहेबांना दाखवून नळ वाढवून घ्यायचे, एवढाच बेत. सिंधू तिथेच राहायची. साताऱ्याकडची, पंचविशीची, दोन मुलींची आई. एका लहान वर्कशॉपात पॅकिंगला जायची. नवरा दुसऱ्या कारखान्यात लेथ मशीनवर होता. घरात सासू.

सिंधू दाराशी हंडा घासत होती. हिराबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. मी तिच्यामागे.

"किती हंडं भरतंस गो?"

"सात. कधी आठ."

"आन् कमरंला काय झालंय? वाकरी चालतंस."

सिंधूनं आत बघितलं. सासू देवळात गेली होती. मग हंडा घासता घासताच ती बोलू लागली. "ऑपरेशन केलं ना मावशी. दोन पोरींवर बास म्हटलं. ह्यांना नाही सांगितलं, ह्यांना मुलगा पाहिजे. माहेरी जाते म्हणून गेले, सरकारी दवाखान्यात केलं. सही भावानं केली. पाचव्या दिवशी इथे नळावर उभी. सांगितलंच नाही, तर हंडा नको उचलायला असं कुठल्या तोंडानं म्हणू? टाके उसवले. आतून फडकं बांधायचे आणि भरायचे पाणी."

हे सांगताना ती थोडी हसली. पुढेही बोलत राहिली, मुलींच्या शाळेबद्दल, वर्कशॉपातल्या उभ्यानं करायच्या कामाबद्दल. अकरा मिनिटं.

त्या हसण्याच्या वेळी मी केबलला एक हिसका दिला. जवळ जा. हिराबाई गेली नाही. मी परत ओढली. ती होती तिथेच राहिली. संध्याकाळी टीव्हीवर बघितलं तर सिंधू लांबूनच दिसत होती. हंडा, उंबरा, तिचे हात, सगळं एकत्र.

"केबल ओढलेली कळली नाही का?" मी विचारलं.

"कलली," हिराबाई म्हणाली. "जवल जायाचं नव्हतं."

एडिटिंग म्हणजे आमच्याकडे दोन व्हीसीआर आणि दोन टीव्ही. एकावर मूळ कॅसेट लावायची, त्यातला हवा तो तुकडा दुसऱ्यावर उतरवायचा. दोन्हींची बटणं एकदम दाबायची. आकडे मोजत, श्वास रोखून. हिराबाईला ते छान जमायचं. सिंधूचा तुकडा आला तशी तिनं बटणावरचं बोट काढलं.

"ह्ये नको घेव."

"का? सगळ्या फिल्मचा जीव आहे तो."

"त्ये मना सांगलंय तिनी. मशीनला नाय."

मी तिला समजावलं. किती समजावलं! बाईनं बोलावं म्हणूनच आपण हे काम करतो, गप्प राहण्यातच बायकांचं आयुष्य जातं, साहेबाला नुसती रांग दाखवली तर तो जांभई देईल. यातलं काहीही खोटं नव्हतं. ती ऐकून घेत होती. मग उठून बाहेर गेली आणि तो तुकडा मी एकटीनं जोडला. तीन मिनिटांचा.

मॅडमनी फिल्म बघितली आणि लगेच पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाल्या, "हेच. इतके दिवस मी हेच शोधत होते." पालिकेचे साहेब ऑफिसात येऊन बघून गेले. सिंधूच्या तुकड्याला त्यांनी चष्मा काढला. दोन महिन्यांत नळ मंजूर झाल्याचं पत्र आलं, आणि पुढच्या वर्षी वस्तीत दोन नवे नळ बसले. आमच्या सगळ्या फिल्म्समध्ये खरोखर काही घडवणारी तीच. मला अभिमान वाटला आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. हे कबूल करायला लाज वाटते.

नळ बसायच्या आधीच दिल्लीहून पाहुणे यायचे ठरले. फिल्म वस्तीतच, बायकांच्या सोबत बसून बघायची त्यांची इच्छा होती. हिराबाई म्हणाली, "सायबाला दावलंस, बरा. वस्तीत दाऊ नको."

"मी सिंधूला विचारते," मी म्हटलं. "ती नको म्हणाली तर नाही दाखवणार."

आणि मी गेले. सिंधू भाकऱ्या थापत होती. सासू भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर काय बोलणार? मी म्हटलं, "सिंधू, तू ते पाण्याचं बोललीस ना, ते शनिवारी बालवाडीत दाखवलं तर चालेल ना गं?"

पाण्याचं. असं म्हटलं मी. तिनं माझ्याकडे बघितलं, पिठाच्या हातानं केस मागे सारले आणि मान हलवली. मी हो धरलं. तिला बाहेर बोलावून दोन मिनिटं बोलणं काही अवघड नव्हतं. मी ते केलं नाही, कारण ती नको म्हणेल अशी मला भीती होती. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी नाना प्रकारे फिरवून बघितला, पण उत्तर एवढंच निघतं.

शनिवारी सिंधूला ओव्हरटाइम लागला. बालवाडीत टीव्ही उंच टेबलावर ठेवला होता, बायका खाली दाटीवाटीनं बसल्या होत्या, पाहुण्यांना खुर्च्या. पुरुष दाराशी आणि खिडकीशी. सिंधूचा नवरा दारात उभा होता. बायको टीव्हीवर आली तसा तो हसला. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर थापही मारली. मग टीव्हीतली सिंधू म्हणाली, "ह्यांना नाही सांगितलं," आणि बालवाडीतली सगळी डोकी एकदम दाराकडे वळली. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. अगदी सावकाश. आणि निघून गेला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी मी गेले तेव्हा सिंधूच्या दारात सासू एकटी होती. शेजारणीकडून कळलं, नवऱ्यानं मारलं नाही, आरडाओरडा केला नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं बायको आणि मुलींना तिच्या भावाच्या दारात नेऊन सोडलं आणि परत आला. वर्षभरात त्यानं दुसरं लग्न केलं. त्या सोमवारी सासू मला फक्त एवढंच म्हणाली, "तुमचं झालं ना काम?"

आठवड्यानं दुपारी हिराबाई ऑफिसात आली. पाटी नव्हती. "कॅशेटी दे," म्हणाली. मूळची आणि एडिट केलेली, दोन्ही मी काढून दिल्या. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते, ती मोडली की त्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. महत्त्वाच्या कॅसेटची ती लगेच मोडायची, हे मीच शिकवलं होतं. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करता येतं, हेही मीच. तिनं चिकटपट्टी लावली. कॅमेरा जोडला, भिंगावरचं झाकण न काढता. सिंधूचा तुकडा सुरू होतो ती जागा बरोबर शोधली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

टेप पुसायला तितकाच वेळ लागतो जितका भरायला. अकरा मिनिटं आम्ही दोघी काळ्या पडद्यासमोर बसलो. माइक चालू होता, त्यामुळे त्या काळ्या जागेत आमच्या पंख्याची घरघर भरली गेली. मी काही बोलले असते तर तेही भरलं असतं. नंतर दुसऱ्या कॅसेटची तीन मिनिटं.

"हिराबाई," मी म्हटलं, "माझं चुकलं."

तिनं केबल नीट गुंडाळली, मी शिकवली होती तशी, पीळ न पडू देता. "जातंय मी," म्हणाली. कोळणी असोत की आणखी कुणी, आपल्याकडे निघताना कुणी जाते म्हणत नाही. ती म्हणाली, आणि परत आली नाही.

मॅडमना मी सांगितलं, व्हीसीआरनं टेप चावली. त्या हळहळल्या. थोड्याच दिवसांनी नवा कॅमेरा आला, कॅसेट पोटातच असणारा. केबल नको, दुसरी बाई नको. सगळ्यांना ती मोठी सोय वाटली. त्यानंतरची माझी बरीच शूटिंग्ज मी एकटीनं केली. हिराबाई अधूनमधून माजिवड्याच्या नाक्यावर पाटी घेऊन बसलेली दिसायची. मी मासे खात नाही, त्यामुळे थांबायला निमित्तही नव्हतं. एकदा तरीही थांबले. तिनं शेजारच्या बाईला सांगितलं, "ही आमची मास्तरीन," आणि पाण्याचा हात माशांवर फिरवत राहिली. मी बराच वेळ उभी होते.

पुढे संस्थेचा आमचा विभाग बंद झाला. मी परत लग्नांकडे वळले आणि निवृत्त होईपर्यंत लग्नंच केली. शिकवलेल्या पन्नासएक बायकांपैकी दोघी पुढे स्टुडिओत लागल्या. एकीनं डोंबिवलीत स्वतःचा काढला, त्याच्या पाटीवर स्वतःचं नाव घातलं. तिच्या दुकानावरून जाताना मला बरं वाटतं. पण लिहायला बसले की हे सगळं मागे राहतं आणि सिंधूच पुढे येते.

ती वस्तीतून गेल्यावर तिच्याकडे जायला मला दोन वर्षं लागली. शेजारणीकडून भावाच्या गावाचं नाव मिळवलं. एसटीत सगळा वेळ काय बोलायचं ते जुळवत होते. कॅमेरा मुद्दाम आणला नव्हता. भावाच्या घराला लागून एक पडवी होती, तिथे ती मशीनवर ब्लाउज शिवत बसली होती. अंगानं भरली होती. मला ओळखायला तिला एक क्षण लागला.

"अगंबाई, ताई! एवढ्या लांब?"

पाणी दिलं. मुली शाळेत होत्या, मोठी हुशार निघाली म्हणाली. मग विचारलं, "नळ आला का हो?"

"आला. दोन आले."

"दोन?" ती खरोखर खूश झाली. "बरं झालं. बायकांचे फार हाल होते."

मी जुळवलेलं सगळं विसरले. चुकलं म्हणाले, तुला नीट विचारलं नाही म्हणाले, रडले. तिनं मला रडू दिलं. मशीनवरचं कापड काढून घडी घालून ठेवलं.

"कळलं होतं मला तुम्ही काय विचारताय ते," ती म्हणाली. "सासूबाई बसल्या होत्या म्हणून तसं बोललात, तेही कळलं. पण तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात, नाही कसं म्हणायचं? कुणाला कधी म्हटलंच नव्हतं नाही." जरा थांबून म्हणाली, "एक मात्र राहिलं. सगळ्या वस्तीनं बघितलं, ह्यांनी बघितलं. मीच तेवढं नाही बघितलं. मी कशी दिसते हो त्यात?"

मी डोळे पुसले.

"तालुक्याला व्हिडिओवाला आहे," ती म्हणाली. "भाऊ म्हणतो, कॅसेट मिळाली तर बघू. आणाल का?"

मग मला सांगावं लागलं. ती कॅसेट आता नाही. तुझं पुसून टाकलं.

"कुणी?"

"आम्हीच. तुला आणखी त्रास नको म्हणून."

तिनं घडी घातलेलं कापड पुन्हा उलगडलं. नंतर म्हणाली, "तेव्हाही विचारलं नाहीत."

हे ती रागानं म्हणाली नाही. दाखवताना मी निदान तिच्या दारात जाऊन खोटं का होईना विचारलं होतं. पुसताना तेवढंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्या नाही आणि हिराबाईच्याही नाही. दोन्ही वेळा आम्हीच शहाण्या.

"मग आता घ्या परत," सिंधू म्हणाली. "सांगते मी."

"कॅमेरा आणला नाही गं."

"बरं," ती म्हणाली, आणि तरीही सांगू लागली. पदर सारखा केला, उंबऱ्यावर ताठ बसली आणि पहिल्यापासून सगळं. ऑपरेशन, टाके, हंडे, त्या रविवारची एसटी, दारात उतरल्यावर भाऊ काय म्हणाला, पहिल्या रात्री मुलींनी काय विचारलं. अकरा मिनिटांत मावलं नसतं. मी समोर जमिनीवर बसले होते. हात मांडीवर होते आणि करायला काही नव्हतं. दोन्ही डोळ्यांनी मी तिच्याकडे बघत राहिले. मधे ती रडली तेव्हा मी हलले नाही.

शेवटी मी तिला विचारलं, यातलं कुणाला सांगितलं तर चालेल का. ती विचार करून म्हणाली, "नळाचं सांगा. ऑपरेशनचंही सांगा, आता सगळ्यांना माहीतच आहे. नाव बदला. आज जे जास्तीचं सांगितलं ते मात्र नको." म्हणून ते इथे नाही.

शूटिंग संपलं की कुठलीही बाई आधी एक प्रश्न विचारते. तोच तिनं विचारला. "नीट झालं का हो, ताई?"

"छान झालं," मी म्हणाले.